तांब्या-वाट्यांचा नकाशा

माझा नकाशा प्रमाणात होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नांदवडीत आजही ते कुणी कबूल करत नाही. एका सेंटिमीटरला वीस मीटर, उत्तर वर, कोपऱ्यात सूची आणि नदी निळ्या शाईनं. तीन रविवार खपून मी तो काढला होता. तो भिंतीवर लटकत राहिला आणि खंडोबाच्या यात्रेचा सगळा बंदोबस्त चालला जमिनीवरच्या एका रांगोळीवरून. त्या रांगोळीत उत्तर कुठं आहे, हे काढणारीलाही माहीत नव्हतं.

काढणारी होती पलूसची चंदनबाला मगदूम. आम्ही सगळे तिला चंदनबालावहिनी म्हणायचो. मी चिंतामण, मूळचा वाईचा, नांदवडीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, कृष्णेच्या काठी हे गाव. गोष्ट १९९७ सालच्या पौषातली.

वहिनींची ओळख आधी करून देतो, मग माझ्या रागाचं बघू. सतरा वर्षांच्या असताना त्या मगदूमांच्या घरात सून म्हणून आल्या. सत्तावीस माणसांचं खटलं. शेती तीन ठिकाणी, कुठं हळद, कुठं ऊस, कुठं द्राक्षबाग. सासरे तापट. भाकरी गार आली तर ते तशीच परत पाठवायचे. आता मळ्यात कोण कुठल्या पट्टीत आहे हे घरात चुलीपुढं बसून कसं कळणार? वहिनींनी त्यावर एक युक्ती काढली. चुलीशेजारच्या जमिनीवर त्यांनी खडूनं मळा काढला आणि प्रत्येकाचं जेवायचं भांडं त्यावर ठेवलं. सासऱ्यांचं फुलपात्र, थोरल्या दिरांची पितळी वाटी, अण्णांचा, म्हणजे नवऱ्याचा, पेला. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच विचारायच्या, "कोण कुठं हाय?" गडी सांगायचा, "मोठं मालक हिरीवर हायत." की लगेच फुलपात्र विहिरीवर. भाकऱ्यांची पाटी निघायची ती नेमकी त्या बांधावर जायची. सासऱ्यांनी पुढं अठरा वर्षांत एकदाही भाकरी परत पाठवली नाही. सून चांगली आहे असंही ते कधी म्हणाले नाहीत, पण फुलपात्र जागेवर आहे ना, हे येता-जाता बघायचे म्हणे.

शांतिनाथअण्णांचं पलूसच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यांना हॅम रेडिओचं वेड लागलं. हा हौशी लोकांचा बिनतारी संदेशांचा छंद, पण त्याला सरकारी परवाना लागतो, परीक्षा लागते आणि मोर्स लिपीतली कडकट्ट कानानं ओळखावी लागते. अण्णा रोज रात्री घरी टेप लावून सराव करायचे आणि वहिनी शेजारी पापड लाटायच्या. परीक्षेला अण्णांनी वहिनींचाही अर्ज भरला, सोबत म्हणून. अण्णा घाबरले आणि नापास झाले. वहिनी पास. पुढच्या खेपेलाही अण्णा नापास झाले. मग त्यांनी तो नाद सोडला आणि वहिनींचा परवाना फ्रेम करून दुकानात लावला. "परवाना हिचा, हत्यारं माझी," असं ते गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचे. असा नवरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता यात्रा. देऊळ गावाच्या माथ्यावर, नदी खाली आणि दोन्हींच्या मध्ये वेशीची बोळ. साठ-सत्तर पावलांची, मध्येच वळलेली. दुसरी वाटच नाही. यात्रेदिवशी तीन वाड्यांच्या उंच, पागोटी बांधलेल्या काठ्या नदीला भेटून बोळातून वर देवळाकडं येतात. दुपारी तीनच्या ठोक्याला देवाची पालखी त्याच बोळातून खाली नदीला जाते. सगळ्या वाड्या वेळेत आल्या तर काही प्रश्न नाही. पण डोंगरवाडीची काठी सगळ्यात लांबून येते आणि तिला उशीर होतोच. आदल्या वर्षी ती बोळातून वर येत असताना पालखी वरून आत शिरली. पुढच्याला मागं सरता येईना, मागच्याला काही दिसेना. तेरा माणसं जखमी झाली. बोळातच राहणाऱ्या राहीबाईचा पाय मोडला.

पोलीस अधिकाऱ्यांनी यात्रा कमिटीला बोलावून शांतपणे सांगितलं होतं. या वर्षी बोळात पुन्हा चेंगराचेंगरी झाली तर पालखी नदीला न्यायची परवानगी बंद. पुढच्या वर्षापासून देवळाभोवती एक प्रदक्षिणा आणि झालं. कमिटीचे अध्यक्ष नानासो तेव्हा बहात्तर वर्षांचे. बाराव्या वर्षापासून त्यांनी पालखीला खांदा दिलेला. ऐकून ते बाहेर आले आणि जीपच्या चाकाला टेकून खाली बसले. "माझ्या हयातीत देवाची नदी तुटली तर वर जाऊन काय सांगू?" एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. नानासो रडणारे गृहस्थ नव्हते.

ते कर्णे ठरवायला अण्णांच्या दुकानात गेले आणि तिथं आपलं दुःख बोलले. वहिनी काउंटरमागं सोल्डरिंग करत होत्या. म्हणाल्या, "नानासो, कर्णा लावून काय हुतंय? वरडणाऱ्याला ठावं पायजे, कोण कुठं हाय. माझे हॅमवालं भाऊ हायत, सांगली-साताऱ्याचं. एकेका काठीसंगं एक जण वॉकीटॉकी घिऊन चालंल. मी एका जागी बसती."

तिथून ते प्रकरण माझ्या शाळेत आलं, कारण देवळाच्या वाटेवर शाळेचाच व्हरांडा मोठा. मुख्याध्यापकांनी मला नकाशा काढायला सांगितला. मी काढला. वहिनींनी तो अगदी आदरानं, हात मागं बांधून पाहिला. मग विचारलं, "सर, ह्यात बोळ किती रुंद हाय?"

मी म्हटलं, "प्रमाणात मोजा. पाव सेंटिमीटर."

"तसं न्हवं. किती माणसं शेजारी शेजारी चालत्यात?"

हा प्रश्न भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी गावातल्या आठ बायका घेऊन बोळात गेल्या, त्यांना हातात हात घालून चालवलं आणि शेवटी तोंडाशी सहा, मध्यावर चार, वळणावर तीन असा हिशोब घेऊन आल्या. मग व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर त्यांनी रांगोळीनं नांदवडी काढली. त्यात बोळ होती नदीपेक्षा मोठी. चावडी वाटाण्याएवढी. माझं घर तर नव्हतंच. मी दाखवून दिलं तर म्हणाल्या, "तुमच्या दारात गर्दी हुईत न्हाई, सर." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खरं होतं.

या रांगोळीवर घरची भांडी आली. पालखीचा तांब्या. माळवाडीच्या काठीची पितळी वाटी, पैलतीरच्या काठीची स्टीलची आणि डोंगरवाडीच्या काठीचं फुलपात्र. तेच, सासऱ्यांचं. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती.

यात्रेदिवशी सकाळी दहापासून वहिनी रांगोळीच्या कडेला मांडी घालून बसल्या. हातात वॉकीटॉकी, कपाळावर आठी. दर पाच मिनिटांनी त्या विचारायच्या, "माळवाडी, कुठं?" तिकडून आवाज यायचा, "ओढ्याजवळ." वाटी सरकायची. "पैलतीर, कुठं?" "होडीतून उतरतोय." स्टीलची वाटी काठाला. मी नोंदी लिहीत होतो, काहीसा फुगूनच. पण तासाभरात माझाच राग मला लाजवायला लागला. एरवी यात्रेत कुणाला काही विचारा, "आत्ताच गेली बघा," याशिवाय उत्तर मिळत नाही. इथं पोलिसांचा फौजदार दारात येऊन नुसतं फरशीकडं बघायचा आणि आपली माणसं योग्य जागी पाठवायचा. दीड वाजता माळवाडीची काठी वर आली. सव्वादोनला पैलतीरची. दोन्ही वेळा बोळ मोकळी. डोंगरवाडीची काठी तेवढी अजून नदीकडं यायची होती. नानासो देवळातून दोनदा निरोप पाठवून विचारून गेले, "बरं चाललंय न्हवं?" बरंच चाललं होतं.

अडीचला एरियल पडलं. शाळेच्या गच्चीवर बांबूला बांधलेलं होतं, पताकेची दोरी त्यात अडकली. अण्णा वर धावले आणि तिथून ओरडायला लागले की एकट्यानं धरवत नाही. वहिनी उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "सर, हितंच बसा. भांड्याला कुणाचा हात लागू देऊ नका."

मी बसलो. खरंच बसलो. पण तेवढ्यात देवळाकडं ढोल वाजायला लागले, पालखी उठायची वेळ झाली आणि माझ्यातल्या वाईकराला राहवलं नाही. वाईच्या घाटावर वाढलेल्या माणसाला पालखी उठताना पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. पाच मिनिटांत येतो, असं मनाशी म्हणून मी फाटकापर्यंत गेलो. तिथून नीट दिसेना म्हणून कट्ट्यावर चढलो.

परत आलो तर व्हरांड्यात अकरा बायका. देवळाकडं निघालेल्या. वाटेत रांगोळी दिसली, रांगोळीत तांब्या दिसला, वाट्या दिसल्या. शाळेनं देवाची पूजा मांडली आहे, याबद्दल कुणाच्याही मनात शंका आली नाही. का यावी? नांदवडीत रांगोळीच्या मधोमध तांब्या दुसऱ्या कशासाठी ठेवतात? त्यांनी तांब्यावर नारळ ठेवला होता. वाट्या आणि फुलपात्र त्याच्यापुढं एका ओळीत नीट मांडून त्यात भंडारा भरला होता. बोळ, चावडी, नदी, सगळ्यावर हळदी-कुंकू पडलं होतं. कुणीतरी उदबत्ती लावली होती आणि आरती दुसऱ्या कडव्यावर आली होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण शिक्षकानं बोलू नये असं बरंच काही बोललो. बायका दचकून भिंतीला लागल्या. त्याच वेळी वॉकीटॉकीतून आवाज आला. पालखीसोबत साताऱ्याचा अवधूत होता, तरुण इंजिनिअर, शांत डोक्याचा. तो म्हणाला, "कंट्रोल, पालखी बोळाच्या तोंडाशी. पुढं वळण आहे, काही दिसत नाही. आत जाऊ का?"

एरियल पुन्हा उभं करून वहिनी जिन्यावरून खाली आल्या. त्यांनी फरशी पाहिली. वॉकीटॉकी उचलून त्यांनी विचारलं, "डोंगरवाडी, कुठं?" उत्तर नाही. "डोंगरवाडी, कुठं?" नुसती खरखर. नंतर कळलं की त्या काठीबरोबरच्या कराडच्या गृहस्थांवर इतका भंडारा पडला होता की वॉकीटॉकीचं बटणच चिकटून बसलं होतं. पण तेव्हा आमच्यासाठी डोंगरवाडीची काठी नाहीशी झाली होती. नदीवर असेल, नाहीतर वेशीत असेल, नाहीतर बोळात असेल. बोळात असेल तर गेल्या वर्षीचंच सगळं पुन्हा होणार होतं.

"अवधूत, एक मिनिट दम धर," असं सांगून वहिनी खाली बसल्या. भंडाऱ्यानं भरलेलं फुलपात्र उचलून भिंतीला लागलेल्या बायकांकडं वळल्या.

"बायांनो, भिऊ नका. चांगलंच केलंय तुमी. ही रांगोळी म्हंजे आपलं गाव हाय. हे देऊळ, ही नदी, ही बोळ. आन् हे फुलपात्र म्हंजे डोंगरवाडीची काठी. आता मला सांगा, ही काठी ह्या टायमाला कुठं असंल?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मागून काठी टेकत एक म्हातारी पुढं आली. राहीबाई. गेल्या वर्षी पाय मोडलेली.

"आवं ताई, त्यात इचारायचं काय?" ती म्हणाली. "आमच्या दारात असंल की. काठीकऱ्यांच्या पायावर पाणी घालायचा मान आमच्या घराचा हाय. माझा पाय असा, म्हणून सून घालतीया. चाळीस गड्यांच्या पायावर पाणी घालायचं म्हंजे येळ लागतोय." आणि तिनं वहिनींच्या हातातून फुलपात्र घेतलं, वाकली आणि बोळाच्या बरोबर वळणावर ठेवलं. तीन माणसांच्या जागेवर.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती, म्हणून गेल्या वर्षी ती कुणी कुणाला सांगितली नव्हती. पोलिसांना नाही, मला नाही, वहिनींना नाही. आम्ही काठी कशी चालते याचा हिशोब केला होता. ती कुठं थांबते हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अवधूत," वहिनी म्हणाल्या, "पालखी थांबवा. काठी बोळात हुबी हाय."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "वहिनी, नानासो म्हणतात, खांद्यावर घेतलेली पालखी थांबवत नाहीत. देव थांबला तर गावाला बरं नाही. आणि मागून गर्दी रेटतीय."

वहिनींनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. त्यांनी डोळे उघडले. "नानासोंना सांग, थांबवू नका. जाग्यावर नाचवा. ढोलवाल्यांना मागं तोंड करून हुबं करा, म्हंजे गर्दी तिकडं बघंल."

आणि पालखी नाचली. मी पुन्हा कट्ट्यावर चढलो नाही, शप्पथ, पण शाळेपर्यंत ढोल असे काही ऐकू येत होते की खिडकीची तावदानं थरथरत होती. बहात्तर वर्षांचे नानासो पालखीपुढं फेर धरून नाचले, असं अवधूत सांगत होता आणि सांगता सांगता हसत होता. मागची गर्दी पुढं रेटायची विसरली आणि गोल करून उभी राहिली. इकडं व्हरांड्यात बायका फरशीभोवती बसल्या आणि आपापल्या वाड्यांच्या वाट्या जागच्या जागी परत ठेवायला लागल्या. "माळवाडीची काठी आता पारावर असंल, तिथं त्यास्नी गूळपाणी अस्तंय." "पैलतीरची मंडळी देवळामागं जेवाय बसली असत्याल." वहिनी वॉकीटॉकीवर विचारून खात्री करत होत्या आणि एकही बाई चुकली नाही. राहीबाईनं नातीला घरी पिटाळलं, काय चाललंय ते बघून यायला. ती पळत परत आली, "आज्जी, शेवटचे पाच पाय ऱ्हायलेत!"

अकरा मिनिटं झाली. काठी बोळातून सुटली आणि नाचत्या पालखीच्या कडेनं वर, देवळाच्या अंगाला वळली. राहीबाईनं फुलपात्र उचलून देवळापाशी ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "अवधूत, बोळ मोकळी. जा." आणि तांब्या नारळासकट बोळात सरकवला.

साडेतीनला पालखी नदीला भेटली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी नोंदवहीत वेळ लिहिली आणि माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही.

पावणेसहाला पालखी परत देवळात गेली आणि नानासो तसेच, भंडाऱ्यानं पिवळेजर्द, अनवाणी शाळेत आले. मागोमाग फौजदार. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षी हीच फरशी लागेल." नानासोंनी ते ऐकलंही नसावं. ते फरशीकडं बघत उभे होते.

"ह्यात माझी पालखी कंची?"

वहिनींनी तांब्या दाखवला. तो अजून बोळाच्या वरच्या तोंडाशी होता. गडबडीत सरकवायचा राहिला होता. नानासो गुडघ्यावर बसले, दोन्ही हातांनी तो उचलला आणि देवळाच्या चौकटीत ठेवला. "आली घरला," ते म्हणाले आणि बराच वेळ उठले नाहीत.

मी वहिनींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सर, तुमी गेला नसता तर त्या बाया आत आल्या नसत्या." मग माझ्या नकाशाकडं बोट करून म्हणाल्या, "त्यात राहीबाईचं दार तेवढं घाला." मी दुसऱ्या दिवशी घातलं. प्रमाणात बसत नव्हतं, तरी घातलं.

मग माझ्या लक्षात आलं की ही बाई सकाळपासून उपाशी आहे. जैनांच्या घरी सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत आणि डोंगरावर उन्हाची एक पट्टी तेवढी राहिली होती. अण्णा घाईघाईनं डबा शोधायला लागले. डबा गच्चीवर एरियलपाशी सापडला, कावळ्यांनी उघडलेला. वहिनी हसल्या, "ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळी जेवीन." आणि रांगोळी पुसायला खाली वाकल्या.

तेवढ्यात त्यांच्या हातातली वॉकीटॉकी बोलली. अवधूत होता. "वहिनी, राहीबाईंच्या दारात आहे. त्या विचारतायत, तुम्ही नेमक्या कुठं आहात?"

"शाळेत. व्हरांड्यात. का रं?"

पाच मिनिटांत राहीबाईची सून पळत आली, हातात झाकलेली पाटी. तव्यावरची भाकरी, वांग्याचं भरीत, ताक. "सासूबाई म्हणल्या, कांदा-लसूण घातला न्हाई. आन् दिवस मावळायच्या आत पोचव."

वहिनी भाकरीकडं बघत राहिल्या. तिच्यातून अजून वाफ येत होती. सगळ्या आयुष्यात त्यांनी सत्तावीस माणसांच्या भाकऱ्या नेमक्या बांधावर पोचवल्या होत्या. त्यांची भाकरी घेऊन, त्या कुठं आहेत असं विचारत, आजवर कुणी आलं नव्हतं. त्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले, सासऱ्यांच्या फुलपात्रातला भंडारा झटकला, त्यात ताक ओतलं आणि रांगोळीतल्या नांदवडीच्या कडेला, माझं घर जिथं असायला हवं होतं त्या जागी बसून, ऊन आहे तोवर पोटभर जेवल्या.